एका बारा अंकी संख्येची कुंडली मांडताना

नौपाड्यातल्या वाचनालयात नेहमी भेटणाऱ्या एका निवृत्त गणितशिक्षकांनी मला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर १६०४८६३६९०१४ ही संख्या होती आणि खाली एकच ओळ होती: “हिच्याविषयी जे जे सांगता येईल ते सांगा.” मी ठाण्याला राहते आणि बेलापूरला नोकरीला जाते, त्यामुळे ट्रान्स-हार्बरच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली की हाताशी बराच वेळ असतो. तो सगळा वेळ या चिठ्ठीने आठ-नऊ दिवस खाल्ला, आणि त्यातला निम्म्याहून अधिक निव्वळ चुकीच्या क्रमाने काम केल्यामुळे वाया गेला. कोणतीही मोठी संख्या हाती आली तर कुठून सुरुवात करावी, काय आधी तपासावे आणि कुठे फसायला होते, हे नव्याने या वाटेला लागलेल्यांसाठी इथे मांडते. उदाहरण म्हणून तीच संख्या घेतली आहे.

काय जवळ हवे

चौकटीची वही, पेन्सिल आणि बारा अंक दाखवणारा साधा टेबलावरचा कॅल्क्युलेटर एवढ्यावर काम भागते. ३००० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादीही लागेल. त्या ४३० आहेत आणि एराटोस्थेनिसच्या चाळणीने, म्हणजे २, ३, ५, ७ यांच्या पटी क्रमाने खोडत जाऊन, रविवारच्या एका दुपारी ही यादी स्वतः करता येते. ती आयती घेण्यापेक्षा स्वतः केलेली बरी, कारण ती करताना हात बसतो.

मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरविषयी सावध राहावे, कारण संख्या मोठी झाली की त्यांतले काही ती दहाच्या घातात, तीही आखडून, दाखवतात. स्प्रेडशीटमधला सापळा याहून वाईट आहे. तिथे पंधरा अंकांपुढचे अंक मुकाट्याने शून्य होतात, आणि सोळा अंकी संख्या नीट दिसते खरी, पण ती तुमची संख्या उरलेली नसते. त्याहून मोठ्या संख्यांसाठी पायथनसारखी भाषा वापरावी, कारण तिथे पूर्णांक कितीही लांब असला तरी अंक गळत नाहीत.

१. संख्या दोन पद्धतींनी लिहून घ्या

वाचण्यासाठी आपली नेहमीची पद्धत घ्यावी: सोळा हजार अठ्ठेचाळीस कोटी, त्रेसष्ट लाख, एकोणसत्तर हजार चौदा. मात्र विभाज्यतेच्या एका महत्त्वाच्या कसोटीसाठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट लागतात: १६० | ४८६ | ३६९ | ०१४. लाख-कोटीच्या स्वल्पविरामांवरूनच गट पाडण्याची चूक मी पहिल्याच दिवशी केली, आणि संख्येला ७ ने भाग जातो की नाही हे चुकीचे ठरवून पुढची तीन पाने भरली. शेवटच्या गटातले आघाडीचे शून्य गाळू नये, म्हणजे ०१४ असेच लिहावे, नाहीतर घाईत गट सरकतात.

२. फुकट मिळणारी माहिती आधी घ्या

भागाकार न करताही बरेच काही कळते. शेवटचा अंक ४ असल्यामुळे संख्या सम आहे. शेवटचे दोन अंक १४ आहेत आणि १४ ला ४ ने भागल्यास बाकी २ उरते, म्हणून संख्येला २ ने भाग जातो पण ४ ने जात नाही. ही बाब किरकोळ वाटली तरी तिच्यातून दोन निष्कर्ष लगेच निघतात. सम पूर्ण वर्गाला ४ ने भाग जावाच लागतो, म्हणून ही संख्या पूर्ण वर्ग नाही. तसेच दोन वर्गांच्या वजाबाकीला ४ ने भागल्यावर बाकी कधीच २ उरत नाही, म्हणून ही संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणूनही मांडता येणार नाही. हा दुसरा निष्कर्ष लक्षात ठेवा, कारण चौथ्या पायरीवर त्याची गरज पडणार आहे.

अंकांची बेरीज ४८ येते. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही, म्हणून संख्येचेही तसेच आहे.

त्रिकोणी संख्या, म्हणजे १, ३, ६, १० या मालिकेतली संख्या, ओळखण्याची रीत अशी की तिची आठपट करून १ मिळवल्यास पूर्ण वर्ग यायला हवा. आपल्या बाबतीत १२८३८९०९५२११३ येतात. पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक २, ३, ७ किंवा ८ कधीच नसतो, म्हणून वर्गमूळ काढण्याचे कष्ट न घेता उत्तर मिळाले: त्रिकोणी नाही.

३. लहान मूळ अवयव काढा

२ ने भागल्यावर ८०२४३१८४५०७ आणि त्याला ३ ने भागल्यावर २६७४७७२८१६९ उरतात. ५ चा प्रश्नच नाही.

७, ११ आणि १३ यांची कसोटी एकदमच होते, कारण ७ × ११ × १३ = १००१. तीन-तीन अंकांचे गट आळीपाळीने वजा-अधिक करायचे: १६० − ४८६ + ३६९ − ०१४ = २९. या २९ ला ७, ११, १३ यांपैकी कोणानेही भाग जात नाही, म्हणून आपल्या संख्येलाही जात नाही. एका ओळीत तीन भागाकार वाचले.

१७ आणि १९ नेही भाग जात नाही. २३ ने मात्र नि:शेष जातो आणि ११६२९४४७०३ उरतात. इथे नवख्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे अवयव सापडला की लगेच पुढच्या मूळ संख्येकडे वळणे. त्याच अवयवाने पुन्हा एकदा भागून पाहिलेच पाहिजे, कारण तो दोनदा आला तर पुढची सगळी सूत्रे बदलतात. आपल्या उदाहरणात २३ दुसऱ्यांदा जात नाही.

आणखी एक सवय लावून घ्यावी. पुढचा प्रत्येक भागाकार मूळच्या बारा अंकी संख्येवर न करता उरलेल्या संख्येवर करावा. श्रम कमी होतात, आणि कुठवर जायचे ती मर्यादाही खाली येते. ११६२९४४७०३ चे वर्गमूळ ३४१०२ च्या किंचित खाली आहे, म्हणजे फार तर तिथवरच्या मूळ संख्या तपासाव्या लागतील. त्याही साडेतीन हजारांहून अधिक भरतात, पण मूळच्या बारा अंकी संख्येच्या वर्गमूळापर्यंत जाण्यापेक्षा हे कितीतरी कमी आहे.

४. लांबच्या भागाकाराला बसण्यापूर्वी फर्माची युक्ती करून पाहा

ही पायरी मी केलीच नाही, आणि म्हणूनच ती इथे सविस्तर लिहिते आहे. मी सरळ यादी काढून भागाकार करत बसले. ऐरोलीपासून जुईनगरपर्यंत आठ-दहा मूळ संख्या, परतताना तेवढ्याच, उरलेल्या रात्री घरी. नवव्या दिवशी २९०३ ने भाग गेला आणि उत्तर आले ४००६०१. तो ठाण्याचा पिन कोड आहे, माझ्या पत्त्यावर लिहिलेला. मग उरलेले अवयव एकत्र गुणले: २ × ३ × २३ × २९०३ = ४००६१४, म्हणजे सीबीडी बेलापूर. सरांनी माझ्या घरचा आणि कचेरीचा पिन कोड यांचा गुणाकार करून चिठ्ठीवर लिहिला होता.

मी वही घेऊन गेले तेव्हा सरांनी ती शांतपणे चाळली, आणि मग कोऱ्या पानावर चार ओळी लिहिल्या.

दोन अवयव जवळजवळ सारखे असतील तर त्यांच्या बेरजेचा वर्ग वजा फरकाचा वर्ग म्हणजे गुणाकाराची चौपट, हे शाळेतले सूत्र उलटे वापरायचे. आपल्या संख्येची चौपट ६४१९४५४७६०५६. तिच्या वर्गमूळाच्या लगतचा वरचा पूर्णांक ८०१२१५. त्याचा वर्ग ६४१९४५४७६२२५. दोहोंतला फरक १६९, म्हणजे १३ चा वर्ग. झाले. ८०१२१५ मधून १३ वजा करून निम्मे केले की ४००६०१, मिळवून निम्मे केले की ४००६१४.

चौपट का करायची, याचे उत्तर दुसऱ्या पायरीवर मिळालेले आहे. आपली संख्या दोन वर्गांची वजाबाकी होऊच शकत नाही, कारण तिच्या अवयवजोडीत एक सम आणि एक विषम असतो, त्यांची बेरीज विषम येते आणि तिचे निम्मे पूर्णांकात होत नाही. चौपट केल्यावर ही अडचण दूर होते. संख्या विषम असेल तर चौपट न करताही चालते. पिएर द फर्माने सतराव्या शतकात २०२७६५१२८१ ही संख्या याच रीतीने ४४०२१ × ४६०६१ अशी फोडली होती.

युक्ती पहिल्याच प्रयत्नात साधली, कारण दोन्ही पिन कोड शेजारी-शेजारी आहेत. अवयव एकमेकांपासून दूर असतील तर ती तितकीच कुचकामी ठरते. २३ ने भागून उरलेल्या ११६२९४४७०३ वर ती चालवली असती तर मला पहाट झाली असती, कारण तिथले अवयव २९०३ आणि ४००६०१ आहेत. म्हणून माझा सल्ला असा की ही रीत मूळच्या बारा अंकी संख्येवर दहा-बारा वेळा चालवून पाहावी, वरचा पूर्णांक दर वेळी एकाने वाढवत जावा, आणि जमले नाही तर निमूटपणे भागाकाराकडे वळावे. संगणकावरच्या गुप्तलेखनासाठी दोन मोठ्या मूळ संख्या निवडताना त्या एकमेकींच्या फार जवळ नसाव्यात असा जो दंडक आहे, त्यामागे हेच कारण आहे.

५. कुठे थांबायचे ते ओळखा

उरलेली संख्या मूळ आहे हे कळायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. ४००६०१ चे वर्गमूळ ६३२ आणि ६३३ यांच्या मध्ये आहे. मी तर २९०३ पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या आधीच तपासून चुकले होते, म्हणून २९०३ काढल्यानंतर उरलेली ४००६०१ मूळ आहे हे वेगळे तपासण्याची गरजच नव्हती. तरीही मी ते सगळे पुन्हा भागून पाहिले. ही चूक तुम्ही करू नये.

फर्माच्या वाटेने आलात तर मात्र तपासावे लागते: ४००६०१ साठी ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्या आणि २९०३ साठी ५३ पर्यंतच्या १६. माझ्या चारशेहून अधिक भागाकारांपुढे हे काहीच नाही.

संख्या खूप मोठी असेल तर लोक फर्माची दुसरी कसोटी वापरतात. २ चा योग्य घात (तपासायच्या संख्येहून एकाने लहान) काढून त्या संख्येने भागायचे आणि बाकी १ आली तर संख्या मूळ मानायची. ‘मानायची’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. ३४१ ही संख्या २ च्या कसोटीवर उत्तीर्ण होते, पण ती ११ × ३१ आहे. ५६१ तर त्याहून लबाड: २ च्या जागी तिच्याशी सामाईक अवयव नसलेला कोणताही पाया घेतला तरी ती मूळ असल्याचे सोंग वठवते, आणि प्रत्यक्षात ती ३ × ११ × १७ आहे. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. १ आली तर एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. खात्रीशीर आणि वाजवी वेळात उत्तर देणारी सर्वसाधारण रीत २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली, पण वही-पेन्सिलीने करण्यासारखी ती नाही.

६. आता वर्गीकरण करा, त्याआधी नाही

अवयव हाती आले:

१६०४८६३६९०१४ = २ × ३ × २३ × २९०३ × ४००६०१

यापुढे सगळे सूत्रांचे काम आहे, आणि खरे सांगायचे तर हा भाग नावांच्या मानाने सोपा आहे.

एकही मूळ अवयव दोनदा आलेला नाही, म्हणून संख्या वर्गमुक्त आहे. अवयव पाच, म्हणजे विषम संख्येने, म्हणून मोबियस फलनाची (वर्गमुक्त संख्येचे मूळ अवयव सम असतील तर १, विषम असतील तर उणे १) किंमत उणे १.

प्रत्येक विभाजकात प्रत्येक अवयव एकतर असतो किंवा नसतो, म्हणून विभाजकांची संख्या २ चा पाचवा घात, म्हणजे ३२. त्यात १ आणि संख्या स्वतः दोन्ही धरलेले आहेत.

विभाजकांची बेरीज काढताना प्रत्येक अवयवात १ मिळवून गुणाकार करायचा: ३ × ४ × २४ × २९०४ × ४००६०२ = ३३५०४४२८३९०४. हे सूत्र फक्त वर्गमुक्त संख्येलाच लागू पडते. अवयव दोनदा आला असता तर त्याच्या जागी १, तो अवयव आणि त्याचा वर्ग यांची बेरीज घ्यावी लागली असती. परिपूर्ण, न्यून की विपुल हे ठरवताना या बेरजेतून संख्या स्वतः वजा करावी लागते, आणि ते विसरणे हा या पायरीवरचा नेहमीचा सापळा आहे. वजा केल्यावर १७४५५७९१४८९० उरतात. हे मूळच्या बारा अंकी संख्येहून अधिक, म्हणून आपली संख्या विपुल. ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण असती तर दोन्ही आकडे सारखे आले असते.

खरे तर एवढा गुणाकार करण्याचीही आवश्यकता नव्हती. संख्येला ६ ने भाग जातो; म्हणजे तिचा निम्मा, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश हे तिन्ही तिचे विभाजक, आणि त्यांचीच बेरीज पूर्ण संख्येएवढी होते. वर निदान १ तरी असतोच. म्हणून ६ च्या पुढची ६ ची प्रत्येक पट विपुल असते. बेलापूरचा ४००६१४ त्याच कारणाने विपुल आहे.

ऑयलरचे फाय फलन, म्हणजे आपल्या संख्येहून लहान आणि तिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती, हे प्रत्येक अवयवातून १ वजा करून मिळते: १ × २ × २२ × २९०२ × ४००६०० = ५११५१८१२८००. हेही सूत्र या रूपात वर्गमुक्त संख्येपुरतेच.

७. वर्गांच्या बेरजा

दोन वर्गांची बेरीज होते का, हे पाहताना ४ ने भागल्यावर ३ बाकी देणारे मूळ अवयव शोधायचे. असा प्रत्येक अवयव सम वेळा आला पाहिजे. ३, २३ आणि २९०३ हे तिघेही तसे आहेत आणि प्रत्येकी एकदाच आलेले आहेत, म्हणून उत्तर नाही. तीन वर्गांसाठी लजांद्रची कसोटी लावायची: ४ ने जितक्यांदा भाग जाईल तितका घालवून उरलेल्या संख्येला ८ ने भागल्यावर बाकी ७ येत असेल तरच ते अशक्य. आपल्याला ४ ने भाग जात नाही आणि ८ ने भागल्यावर बाकी ६ येते, म्हणून तीन वर्गांत ती नक्की मांडता येते. चार वर्गांत तर प्रत्येक धन पूर्णांक मांडता येतो, हे लाग्रांझने १७७० मध्ये सिद्ध केले.

एकट्या ४००६०१ कडे मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ही मूळ संख्या ४ ने भागल्यावर १ बाकी देते, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज असलीच पाहिजे आणि ती एकाच प्रकारे. शोधताना अंदाधुंद वर्ग वजा करत बसू नये. शेवटचे दोन अंक ०१ असल्यामुळे एका वर्गाचा पाया ५ च्या पटीत आणि दुसऱ्याचा २५ च्या पटीहून एकाने कमी वा अधिक असावा लागतो. सम पाया ४ च्या पटीत असावा लागतो. एवढ्या चाळणीनंतर मोजकेच उमेदवार उरतात आणि त्यांतून ३५५ आणि ५२४ सापडतात: १२६०२५ + २७४५७६ = ४००६०१.

८. अंकांचे गुण वेगळ्या पानावर

हर्षद, स्वयंभू यांसारखी वर्गीकरणे दशमान पद्धतीत लिहिलेल्या अंकांवर अवलंबून असतात. तीच संख्या द्विमानात लिहिली तर ती बदलतात, म्हणून मी त्यांना अवयवांच्या पंक्तीला बसवत नाही. तरी आपल्याकडच्या माणसाने ती गाळू नयेत, कारण ती द. रा. कापरेकरांची देणगी आहे. १९०५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूला त्यांचा जन्म झाला, शालेय शिक्षण ठाण्यात झाले, पुढे आयुष्यभर देवळालीला शिक्षकी केली. त्यांच्या डेमलो संख्यांचे नाव तर डोंबिवली स्थानकावरून आलेले आहे.

हर्षद संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो. आपली बेरीज ४८, तिच्यात १६ हा अवयव आहे आणि आपल्या संख्येला ४ नेही भाग जात नाही, म्हणून हर्षद नाही.

स्वयंभू म्हणजे जिला जनक नाही अशी. दुसरी कोणतीही संख्या अधिक तिच्या अंकांची बेरीज असे करून ती मिळत नाही. बारा अंकांची बेरीज १०८ च्या वर जात नाही, म्हणून मागच्या १०८ संख्याच तपासाव्या लागतात. ९ ने भागल्यावरच्या बाकीचा विचार केला तर त्यांतल्याही बाराच उरतात: ६, १५, २४ असे नऊ-नऊने वाढणारे फरक. ६० च्या फरकावर १६०४८६३६८९५४ येते, तिच्या अंकांची बेरीज नेमकी ६०. जनक मिळाला, म्हणून स्वयंभू नाही.

९. पडताळा आणि सरावासाठी एक संख्या

प्रत्येक मोठ्या गुणाकाराला नऊचा पडताळा द्यावा. ४००६०१ ची अंकबेरीज शेवटी २, ४००६१४ ची ६, गुणाकार १२, म्हणजे ३; आणि मूळच्या बारा अंकी संख्येची ४८, म्हणजे १२, म्हणजे ३. जुळले. लगतच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर हा पडताळा ती पकडत नाही, त्यासाठी ११ चाही द्यावा.

सरावासाठी ठाणे पूर्वेचा ४००६०३ घ्या. गटांची वजाबाकी ६०३ − ४०० = २०३, आणि २०३ = ७ × २९, म्हणून ७ ने भाग जातो हे लगेच कळते. उरतात ५७२२९. त्यासाठी २३९ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात, आणि त्यातही १५१ ला पोहोचलात की काम संपते.